काढायला स्वस्त

फिजिओ: हात हलवू नकोस. साहेब बोलतायत ते कानांनी ऐक, बोटांनी नाही.

कप्तान: बोटं मी हलवली नाहीत, ताई. दादानं वाक्यच असं टाकलं.

मॅनेजर: अजून वाक्य पुरं कुठे केलंय मी?

कप्तान: पुरं कशाला करायला हवं? इतकी वर्षं या क्लबचा गोल सांभाळतोय. चेंडू पायातून सुटायच्या आधी कुठे जाणार ते कळतं मला. तू आत आलास, पंख्याकडे बघितलंस आणि माझ्या खांद्याची चौकशी केलीस. दादा, आपण एका संघात खेळलो, एका खोलीत राहिलो, तेव्हाही तू माझ्या खांद्याची चौकशी केली नव्हतीस.

मॅनेजर: ताई, तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबाल का?

फिजिओ: पट्टी अर्ध्यात सोडली तर बोट आखडेल त्याचं. शिवाय ही खोली माझी आहे, साहेब. कुणी बाहेर थांबायचंच असेल तर तुम्ही थांबा.

कप्तान: राहू दे त्यांना. तू बोल.

मॅनेजर: नवा स्ट्रायकर येतोय. काल सही झाली. लीगच्या नियमानं आपल्याला पंचवीसच खेळाडू नोंदवता येतात आणि आपले पंचवीस भरलेले आहेत. एक जागा मोकळी करावी लागणार.

कप्तान: आणि ती माझी.

मॅनेजर: कोचचं म्हणणं, आपल्याकडे तीन गोलकीपर आहेत, तीन कशाला?

कप्तान: बरोबर आहे त्याचं. मग त्या नव्या गोलकीपरला काढा. गेल्या हंगामात जवळजवळ सगळे सामने मी खेळलो. तो खेळला चार-पाच, आणि त्यातल्या एकात आपल्याच बचावपटूच्या पाठीत चेंडू हाणून स्वतःवर गोल करून घेतला.

फिजिओ: त्या पाठीला मी आठवडाभर शेक देत होते.

मॅनेजर: तू त्याच्यापेक्षा चांगला आहेस. कोचही मानतो ते.

कप्तान: मग?

मॅनेजर: त्याचा करार अजून तीन वर्षांचा आहे. आज त्याला काढला तर तीन वर्षांचा पगार हातात ठेवूनच निरोप द्यावा लागेल. तेवढ्यात आणखी एक स्ट्रायकर येतो. तिसऱ्याचाही करार लांबचा आहे. तुझं एकच वर्ष उरलंय.

फिजिओ: तेही अर्ध्या पगाराचं.

मॅनेजर: ताई.

फिजिओ: मी पट्टीशी बोलतेय.

कप्तान: म्हणजे चांगला खेळतो म्हणून ठेवायचा नाही, वाईट खेळतो म्हणून काढायचा नाही. काढायला स्वस्त पडतो म्हणून काढायचा.

मॅनेजर: असं म्हटलं की कानाला वाईट लागतं. पण हो, तसंच आहे.

कप्तान: आणि मी स्वस्त झालो कधी, ते आठवतं का तुला?

मॅनेजर: आठवतं रे. उगाळू नकोस.

फिजिओ: उगाळू दे की. इथेच तर झालं सगळं. प्रायोजकानं हात वर केले होते, पगार थकले होते, आणि ही पोरं सकाळी वजन द्यायला रांगेत उभी. हा काट्यावर चढला आणि म्हणाला, आजपासून माझा पगार निम्मा करा. आधी वाटलं, वजनाबद्दलच काहीतरी बोलतोय.

कप्तान: मग सगळ्यांच्या घरी गेलो. एकेकाच्या नाकदुऱ्या काढल्या. काहींच्या बायकांनी दार उघडलं तेच तोंड पाडून. तरी बरेचसे तयार झाले. आपला दहा नंबर तेवढा नाही म्हणाला.

मॅनेजर: त्याचं क्लबवर प्रेम आहे म्हणाला, पण करारावर जास्त.

कप्तान: त्या वेळी आपण त्याला काय काय बोललो. त्याच्या शेजारी कपडे बदलायलाही कुणी बसत नव्हतं. मीच सांगितलं होतं पोरांना, बसू नका म्हणून. या वेळी त्याचं नाव आलं का रे चर्चेत?

मॅनेजर: त्याचं कसं येईल? त्याला काढायचा तर मैदान विकायला लागेल.

कप्तान: म्हणजे ज्यानं पगार सोडला नाही त्याला कुणी हात लावू शकत नाही. ज्यांनी सोडला, त्यांच्यातला एकेक जातोय. गेल्या वर्षी डावा बॅक गेला, आता मी. हे मला तेव्हा कसं सुचलं नाही, कुणास ठाऊक.

फिजिओ: सुचलं असतं तरी केलंच असतंस. तुझा स्वभाव मला माहीत नाही का?

कप्तान: आणि दादा, तू शब्द दिला होतास. क्लब सावरला की सोडलेला पगार भरून देऊ.

मॅनेजर: दिला होता.

कप्तान: क्लब सावरला. स्ट्रायकर विकत घेण्याइतका सावरला.

मॅनेजर: करारात नव्हतं ते. तू तसं लिहूनही मागितलं नाहीस.

कप्तान: तुझ्याकडून लिहून मागायचं? तुझ्या पोरीला सायकल मी शिकवली. तुझ्याकडून कागद कसा मागायचा?

मॅनेजर: म्हणून तर मी स्वतः आलोय. कोच शिपायाकरवी निरोप धाडणार होता. ऐक नीट. सोडलेला सगळा पगार, गेल्या दोन्ही हंगामांचा, क्लब एकरकमी द्यायला तयार आहे. अध्यक्षांकडून मी ते कबूल करून घेतलंय आणि ते सोपं नव्हतं.

कप्तान: अट काय?

मॅनेजर: तू स्वतःहून जातोयस असं जाहीर करायचं. नदीपलीकडच्या क्लबनं तुला विचारलंय, मला कळलंय.

कप्तान: मी नाही म्हणालो त्यांना.

मॅनेजर: ते अजून थांबलेत. आपल्या दुप्पट देतायत.

कप्तान: माझ्या आत्ताच्या पगाराच्या दुप्पट म्हणजे माझा जुना पगार, दादा. हिशेब मलाही येतो. पण हे सोंग कशाला?

मॅनेजर: पुढच्या आठवड्यात नव्या हंगामाची तिकिटं विक्रीला निघतायत. क्लबनं कप्तानाला काढलं असं कळलं तर निम्मे लोक तिकीट घेणार नाहीत. कप्तान पैशांसाठी पलीकडे गेला म्हटलं तर तेच लोक चिडून जास्त येतील.

कप्तान: छान. म्हणजे क्लबशी इमान राखल्याचे पैसे मला मिळणार, पण ते राखलं नाही असं मीच गावभर सांगितलं तर.

फिजिओ: घे. माझं विचारशील तर गपगुमान घे पैसे. बोटं वाकडी झाली, खांदा वर जात नाही. अजून एखादा हंगाम, फार तर दोन. नंतर लोक तुला ओवाळणार आहेत की पोसणार आहेत?

कप्तान: लोकांचं सोडा हो. मला बाबांची काळजी आहे.

मॅनेजर: बाबांचं काय?

कप्तान: तुला माहीत आहे ते कसे आहेत. आई गेल्यापासून आठवडाभर घरात बसून असतात. आमच्याच खालच्या मजल्यावर, पण वर जेवायलाही येत नाहीत, ताट खाली न्यावं लागतं. फक्त रविवारी दाढी करतात आणि मैदानावर येतात. त्यांना जर कळलं की मी पैशांसाठी क्लब सोडला, तर माझं तोंड बघायचे नाहीत. नाही दादा. तुम्ही मला काढलं असंच सांगा. माझ्या नावाला बट्टा नको.

मॅनेजर: मग पगार निम्मा केलास तेव्हाच्या नव्या करारात आहे तेवढीच भरपाई मिळेल. तीन महिन्यांचा पगार, तोही आत्ताचा.

कप्तान: चालेल.

मॅनेजर: घरी विचारून घे.

कप्तान: घरी काय म्हणतील ते मला पाठ आहे. चालेल म्हटलं ना.

मॅनेजर: बघ बाबा. मी अध्यक्षांना तसं कळवतो. तिकिटांचं नुकसान आम्ही सोसू.

फिजिओ: एक विचारू? रागावू नकोस.

कप्तान: विचारा.

फिजिओ: जुन्या कोचला क्लबनं काढलं तेव्हा तुझे बाबा काय म्हणाले होते?

कप्तान: म्हणाले, ज्या क्लबला माणसाची किंमत नाही तिथे मी पाय ठेवणार नाही.

फिजिओ: आणि ठेवला?

कप्तान: अर्धा हंगाम नाही. दाढी वाढली, अंगावरचे कपडे ढगळ झाले. तुम्हीच येऊन बघून गेलात की.

फिजिओ: कोच काही त्यांच्या नात्यातला नव्हता. आणि आपला विंगर पैशांसाठी पलीकडे पळाला तेव्हा?

कप्तान: तो पलीकडच्यांकडून इथे खेळायला आला, त्या दिवशी तासभर आधी येऊन बसले होते.

फिजिओ: का?

कप्तान: शिव्या द्यायला.

फिजिओ: गेटवरचा माणूस सांगत होता, म्हातारबुवा त्या दिवशी दहा वर्षांनी तरुण दिसत होते.

(फिजिओ पट्टीचं टोक कापते.)

मॅनेजर: मी निघू? अध्यक्ष वाट बघतायत.

कप्तान: थांब. सोडलेला पगार दोन्ही हंगामांचा म्हणालास ना?

मॅनेजर: हो.

कप्तान: तो हवा. शिवाय तीन महिन्यांची भरपाईही हवी, जुन्या पगाराच्या हिशेबानं.

मॅनेजर: अरे, स्वतःहून जाणाऱ्याला भरपाई कशी देणार?

कप्तान: ते तुमचं तुम्ही बघा. बक्षीस म्हणा, औषधपाणी म्हणा. या तीन बोटांचं तरी काहीतरी लागतंच क्लबला.

मॅनेजर: तू कधी भाव करत नव्हतास.

कप्तान: विकण्यासारखं कधी काही नव्हतं. आणि या वेळी कागदावर. ताईंसमोर सही कर.

मॅनेजर: ठीक आहे. करतो. मनवतो अध्यक्षांना. तिकिटं वाचतायत म्हटल्यावर मानतील ते. पण जाहीर करताना मी जरा सौम्य लिहितो. घरगुती अडचणी, नवं आव्हान, असं काहीतरी.

कप्तान: अजिबात नको. अडचण म्हटलंस की बाबा कसली अडचण म्हणून तुझ्या ऑफिसात येऊन बसतील आणि तासाभरात तुझ्या तोंडून सगळं काढून घेतील. तुला खोटं टिकवता येत नाही. साफ लिही, पैसे जास्त मिळाले म्हणून गेला.

मॅनेजर: लोक फार वाईट बोलतील तुला.

कप्तान: बोलतील. मला वाईट वाटतंय, दादा. आत्ताच सांगून ठेवतो, कारण नंतर विचारायला तू येणार नाहीस.

मॅनेजर: येईन रे.

कप्तान: नाही येणार. मीही नसतो आलो. विंगरला मी एकदाही फोन केला नाही.

फिजिओ: बायकोला काय सांगशील?

कप्तान: खरं ते सांगेन. ती म्हणेल, इतकी वर्षं मी वेगळं काय सांगत होते? मग पैसे कुठे ठेवायचे ते विचारेल.

मॅनेजर: आणि बाबांना कधीच सांगणार नाहीस?

कप्तान: सांगून काय करू? क्लबचा राग आला तर ते घरात बसतील. माझा आला तर मैदानावर येतील.

मॅनेजर: अरे, पण एका घरात राहून बोलणार नाहीत तुझ्याशी. म्हाताऱ्याचा हट्ट मी पाहिलाय. किती दिवस चालायचं असं?

कप्तान: पलीकडच्यांचा इथे एक सामना असतोच ना दर हंगामात. बाबा त्या टोकाच्या गोलमागे बसतात, पहिल्याच ओळीत. निम्मा सामना मी त्याच गोलात असेन. तेवढा वेळ तरी आवाज येईल त्यांचा.