शेंगांची थंड खोपी

—नाही मॅडम, आमचा गावचा आरोग्यसेवक, ओगवाल, आज भेटायचा नाही. बसा तुम्ही, शेंगा खा, गावच्या चेअरमनच्या, म्हणजे माझ्या, अंगणातून कुणी उपाशी जात नाही. आकडे खोटे वाटतात ना तुम्हाला त्याचे? शेजारची सगळी गावं तापानं फणफणताहेत आणि आमच्याच गावात मलेरिया नाही — कुणीही म्हणेल, हा रक्त न तपासताच आकडे पाठवतो. मीही तेच म्हटलं. फक्त तुम्ही जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीतून कागद घेऊन आलात, मी कुदळीचा दांडा घेऊन गेलो.

कशाला म्हणून काय विचारता? माझी आवोर, एवढीशी पोर, अंगाला हात लावला तर चटका बसायचा — ह्यानं बोट टोचलं, पट्टीवर थेंब टाकला आणि म्हणाला, एकच रेघ आली, मलेरिया नाही, गोळ्या देता येत नाहीत, तसा नियम आहे. गोळ्या ह्याच्या पिशवीत, बरं का, माझ्या डोळ्यांसमोर. लिरा शहरातल्या दवाखान्यात नेली तर डॉक्टर म्हणाला, रक्तात नुसता मलेरियाच भरलाय, उशीर केलात. आकडी येऊन माझ्या मांडीवर गेली ती. मग काय करायचं होतं मी, अर्ज? ह्याच्या दारातच धरला ह्याला. आधी मनगटं मोडली, त्याच हातांनी टोचलं होतं ना. मग तोंड फोडलं. दात पडले, बोलता येईना, तर मोडका हात वर छपराकडे करत राहिला, सारखा वर, सारखा वर — मी म्हटलं, देवाची शपथ घेतोय हरामखोर, आणि आणखी हाणलं.

जिवंत आहे हो. त्या पलीकडच्या गवती खोपीत कोंडलाय, संध्याकाळी कुळातले म्हातारे बसतील आणि त्याचं काय ते ठरवतील. हाल नाहीत त्याचे. भर उन्हातही थंडगार असते ती, म्हणून तर माझं शेंगांचं बियाणं तिथं ठेवतो.

काय? तपासणीच्या पेट्या? त्या ह्याच्याच घरी, पत्र्याच्या छपराखाली. आधी ठेवायचा त्या खोपीत — मीच बाहेर काढायला लावल्या, माझ्या शेंगा कुठे ठेवू? कुरकुरला होता थोडा, पत्र्याखाली पेट्या फार तापतात, चेअरमन, म्हणून. मला वाटलं, खोपी बळकावायचा बेत आहे. आता तुम्ही तशा का बघताय? उकाड्यानं खराब होतात? म्हणजे — मलेरिया असला तरी एकच रेघ? सगळ्यांची? आवोरचीही?

थांबा. बोलू नका जरा.

म्हणजे तो पत्रा दाखवत होता.

अडोंग — अगं अडोंग, खोपीचं दार उघड. पाणी ने त्याला. हो, मीच सांगतोय, तुझा नवरा, म्हाताऱ्यांचं मी बघतो. पाज ना. ओठाला लाव. पीत नाही? मग हलव त्याला, खांद्याला धरून हलव. अशी उभी काय राहिलीस दारात?

उठा मॅडम. गाडी काढा, लिराला न्यायचंय त्याला. त्या शेंगा ठेवा खाली.