पीपीताईंचा नंबर

समिधा: सही कर आई. अर्ज भरून आणलाय मी, फक्त खाली सही. उद्या टेलिफोन ऑफिसात देते, लाइन बंद, विषय संपला.

आई: चष्मा सापडत नाहीये गं.

समिधा: डोक्यावर आहे.

आई: असू दे. आधी पोहे खा. टिटवाळ्याहून उपाशी आलीस आणि दारातनंच कागद नाचवतेयस.

समिधा: विषय बदलू नकोस. परवा बाथरूममधून ओल्या पायांनी धावलीस आणि धाडकन आपटलीस. गुडघ्याचा भोपळा झालाय नुसता! आणि फोन कोणाचा, तर प्लॉट विकणाऱ्या मुलीचा.

आई: चांगली होती गं ती. इथली शेजारची, कल्याणचीच निघाली. घसा बसलेला बिचारीचा. म्हटलं, गरम पाण्यात हळद घे.

समिधा: धन्य आहेस! गळ्यात अडकवायच्या दोरीसकट मोबाइल घेऊन दिला, तो कपाटात. आणि ही बाई या डबड्यामागे धावतेय.

आई: डबडं म्हणू नकोस हं! सात वर्षं नंबर लावून बसलेले तुझे बाबा. लाइनमन येणार म्हणून वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात खाडा केलेला त्यांनी, आयुष्यात कधी नव्हे तो. डोंबिवलीत या गल्लीतला पहिला फोन आपला. लोकांच्या लग्नपत्रिकांवर आपला नंबर, पुढे कंसात पी.पी.

समिधा: पी.पी. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आणि हमाल समिधा! "जा गं, वरच्या केशरबाईंना बोलव, गावाहून फोन आलाय." तीन जिने चढायचे मी, अभ्यास सोडून.

आई: आणि त्या खाली येईपर्यंत मी बोलायची पलीकडच्याशी. त्यांचा भाऊ धाकू, त्याच्या म्हशीपासून लेकीच्या बाळंतपणापर्यंत सगळं ठाऊक मला. अजून पीपीताई म्हणतो मला.

समिधा: काय म्हणतो?

आई: पीपीताई. केशरबाईंनी चिठ्ठीवर नंबर लिहून दिलेला ना, पुढे पी.पी. त्याला वाटलं, ज्यांच्याकडे फोन आहे त्या बाईंचं नावच पीपी! मीही कधी सुधारलं नाही. केशरबाईंना जाऊन चार वर्षं झाली, पण शिमग्याला, गणपतीला त्याचा फोन चुकत नाही. "पीपीताई, बरी हायस ना?"

समिधा: अगं, मग एवढंच ना? त्याच्या नातवाचा नंबर असेल तुझ्या डायरीत. तुझा मोबाइल नंबर मी आज कळवते त्याला. सुटला प्रश्न.

आई: प्रश्न धाकूचा नाहीये गं.

समिधा: मग कोणाचा?

आई: माझा. हसशील तू.

समिधा: नाही हसत. बोल.

आई: या फोनवर मला म्हणून कधी कोणी फोन केलाच नाही. बाबांना यायचे, तुला यायचे, आपल्या सुदेशच्या मित्रांचे तर दिवसभर. "काकू, सुदेश आहे?" नाही रे बाळा, क्लासला गेलाय. तू कसा आहेस? आजीचं ऑपरेशन झालं का? दुसऱ्यांना आलेल्या फोनमधलं थोडं थोडं माझ्या वाट्याला यायचं. त्यावर दिवस छान जायचा माझा. मोबाइलचं तसं नाही. ज्याच्याशी काम, त्यालाच फोन. माझ्याशी कोणाचं काम असणार आता?

समिधा: मी नाही का करत रोज?

आई: करतेस की. "आई, गोळी घेतलीस? गॅस बंद केलास?" हो म्हटलं की ठेवतेस.

समिधा: अगं, ऑफिस, पोरं, स्वयंपाक... त्यातून वेळ काढून करते मी.

आई: मला का कळत नाही ते? रागावले नाही गं. तू विचारलंस म्हणून तोंडातून गेलं. आण ते पेन.

समिधा: राहू दे, आई. बघू नंतर.

आई: आण म्हणते ना! पुन्हा पडले तर तुलाच रजा टाकून धावावं लागेल. हे घे, केली सही. आता काढ तो मोबाइल आणि घाल माझ्या गळ्यात. धाकूला कळवायला विसरू नकोस. आणि नीघ, अंधार पडायच्या आत घरी पोच.

(अर्ध्या तासाने. आईच्या गळ्यातला मोबाइल वाजतो.)

आई: हॅलो? कोण पाहिजे?

समिधा: अगं, मी.

आई: काय गं? काही विसरलीस का?

समिधा: नाही.

आई: मग? काय काम होतं?

समिधा: काम काहीच नाही. कल्याणला उभी आहे, माझी गाडी वीस मिनिटं लेट आहे. वाटलं, तुझ्याशी बोलावं.

आई: माझ्याशी?... थांब हं. खुर्ची ओढून नीट बसते.