दहापर्यंत मोजताना

हॅलो?… हां, बोल चिमे… बाहेर आलेय, लॅबच्या पॅसेजमध्ये. हातमोजे काढून, हात धुऊन यायचं म्हणजे एवढा वेळ लागतोच.

तेच विचारणार होते. ताप किती आहे तुझ्या सासूबाईंचा?… शंभर? सकाळी एकशेतीन होता ना… बरं. बरं झालं. आणि बीपी?… काही खाल्लं का?… दोन घास तरी गेले, चांगलं आहे.

अगं, ऐक ना… माझे कसले आभार… चिमे, ऐक तर आधी… जाऊबाईंना काय सांगितलंस?… "आमची ताई तिथे आहे म्हणून रिपोर्ट लवकर आला"… सगळ्या वॉर्डला?… शेजारच्या खाटेवरच्या बाईंनाही?… कशाला गं… नको ना माझे गुण गाऊस.

हो, सकाळी दुसरा रिपोर्ट आला. मीच फोन केला होता वॉर्डच्या डॉक्टरांना, आठ वाजता… नाही, जास्तीची तपासणी वगैरे काही नव्हती ती. मी काही जीव ओतून, बसून… चिमे, तू उभी आहेस का? खुर्ची ओढ. बस आधी.

पहिला रिपोर्ट चुकला होता.

कालचा… हो, माझा… मशीन कशाला चुकेल? मशीन एवढंच सांगतं, की रक्ताच्या बाटलीत काहीतरी वाढलंय. काय वाढलंय ते माणसाने बघायचं असतं. ते मी बघितलं.

सांगते. अगदी सोपं काम आहे, म्हणून तर जास्त लाज वाटते. काचेवर थेंब पसरायचा, वाळवायचा. जांभळा रंग घालायचा, मग आयोडीन, मग एका द्रवाने तो रंग धुवायचा… हां, नखांचा रंग काढतो ना आपण, तसलंच काहीतरी. धुताना दहापर्यंत मोजायचं. काही जिवाणू जांभळेच राहतात. काहींचा रंग निघून जातो, मग त्यांना गुलाबी रंग देतात. जांभळे एका जातीचे, गुलाबी दुसऱ्या. औषधाची पहिली दिशा त्यावरून ठरते… बरोबर ओळखलंस. जास्त वेळ धुतलं तर जांभळेही गुलाबी दिसतात.

मी "गुलाबी" कळवलं.

डॉक्टरांनी दोन औषधं चालू ठेवली होती ना, त्यातलं एक माझ्या रिपोर्टवरून थांबवलं… हो. लागू पडणारं नेमकं तेच होतं… काल तीनपासून आज सकाळी आठपर्यंत. सतरा तास.

रात्रीची ती हुडहुडी… त्यामुळेच असणार. मला "नाही" म्हणता येणार नाही, चिमे.

जिवाणू वाढवायला रात्रभर ठेवलेली प्लेट सकाळी उघडली तर त्यावर बारीक, पांढुरके ठिपके. गुलाबीवाले असे वाढत नाहीत. त्याच बाटलीतला थेंब घेऊन पुन्हा रंगवला, जांभळे निघाले. जोडीजोडीने बसलेले, ठसठशीत. शिकायला आलेल्या पोरीनेही ओळखले असते.

नाही, तपासायची सोय असते गं. ओळखीच्या जिवाणूंची एक काच सोबत रंगवायची, म्हणजे धुणं जास्त झालं की तिथेच कळतं. ती काच मी काल लावलीच नाही. घरचं माणूस आहे, लवकर देऊ म्हटलं. बाबा म्हणायचे ना, अति घाई संकटात नेई… मग आपण हसायचो त्यांना.

बोल. जे बोलायचं ते बोल, मी ऐकतेय… हो, वीस वर्षं हेच करतेय… हो, दुसऱ्यांच्या चुका मीच काढते… नाही, लॅबच्या मॅडमपासून लपवलं नाही. सकाळीच सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं, खाली माझी सही आहे… तुझ्या नवऱ्याला तू सांगतेस की मी सांगू?… मी सांगते. मीच सांगायला हवं.

किती वाजता? ते कशाला आता… दुपारी… अगं, दुपारी म्हणजे दुपारी… सव्वादोनच्या सुमारास.

चिमे?

हो. तुझाच फोन होता.

नाही. ऐक… अगं ऐक ना. फोन तू केलास, उचलला मी. लॅबमध्ये फोन न्यायचाच नसतो, आणि मी तो कोटाच्या खिशात ठेवला होता, रिपोर्टची तुझी घाई चालली होती म्हणून… तुझी म्हणजे आपली. खांद्यावर फोन धरला आणि म्हटलं, "तू बोल, मी ऐकतेय"… हो, तेव्हाच. तू सासूबाईंची नक्कल करत होतीस. "बाई, ह्या पाण्याला चहा नुसता लांबून दाखवलाय का?"… मी सहापर्यंत मोजलेलं आठवतं. पुढचं सगळं हसण्यात गेलं.

रडू नकोस. तुझं काही नाही यात. तू बाहेर बाकावर बसून… आत होतीस? खाटेपाशी?… बरं, झोपल्या होत्या ना त्या.

मागे कोण बोलतंय?… जाग्या आहेत?… नको, आत्ता नको देऊस फोन, मला जरा… चिमे, मी काय बोलू त्यांच्याशी…

काकू?… हो, मीच. बरं वाटतंय का आता?… हो, तिला मीच रडवलं.

काकू, काल तुमचं एक औषध थांबलं, ते माझ्या चुकीने. रिपोर्ट मी चुकवला. रात्रभर तुम्हाला त्रास झाला तो माझ्यामुळे… मोजताना लक्ष गेलं. फोन आला होता… असाच. कुणाचातरी…

म्हणजे… तुम्ही जाग्या होतात?

डोळे मिटून… चहाचंही ऐकलंत… हो, हसले. माझं हसणं तिथपर्यंत आलं?… काकू, तिला काही बोलू नका, ती घाबरलीय… बरं. तुमचं तुम्ही बघाल.

मला माफ… नाही, बरोबर आहे. आत्ता नाही मागत… हो, फोनवर नाहीच. बऱ्या होऊन घरी आलात की येते, समोर बसून मागते… आणि बऱ्या नाही झालात तर?… असं नका ना म्हणू… ऐकतेय, काकू… हो. तर मग मला ते मागताच येणार नाही. कळतंय मला.

आता? आता आत एक बाटली वाट बघतेय. कुणाची माहीत नाही, नाव नाही वाचलं… हो, त्यांच्याही घरी कुणी असेलच. फोन बाहेरच्या कपाटात ठेवते. कुलूप लावून… हो, दहापर्यंत… आत्ता? तुमच्यासमोर?

बरं. एक… दोन… तीन… हो, सावकाश… चार… पाच… सहा…

सात… काकू?… हॅलो?

ठेवला वाटतं.

आठ… नऊ… दहा.