हिरवळीवर चालल्याबद्दल

मी, गल्लीत इस्त्रीवाली वहिनी म्हणून ओळखली जाते ती, वय ४७, धंदा कपड्यांना इस्त्री करणे, राहणार बंद खाणीच्या फाटकासमोर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, माझ्या सासऱ्यांनी खाणीवरच्या नव्या बागेतील हिरवळ तुडवून खराब केली, अशी बागेच्या इंजिनीयर साहेबांची तक्रार आहे. त्याबाबत मला विचारण्यात आले.

सासरे याच खाणीत कामाला होते. आतला कोळसा पेटला म्हणून खाण बंद झाली. पुढे साहेबांनी वर माती टाकली, आग विझल्याचे भाषण केले आणि बाग उघडली. भाषणाने आग विझत असती, तर आमच्या वस्तीत एकही चूल पेटली नसती.

कोपऱ्यातल्या बाकाभोवती गवत उगवेना. मी साहेबांना तसे सांगितले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही तुमचे कपडे सांभाळा." मग तिथे प्लॅस्टिकचे गवत अंथरले आणि 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी ठोकली. बाक कायम कोमट असे. सासरे खूश. "म्हाताऱ्यांसाठी शेगडी ठेवलीय गं," म्हणायचे.

काल सकाळी दुकानात नायलॉन इस्त्रीला चिकटल्यासारखा वास आला. इस्त्री तर अजून लावलीही नव्हती. मी बागेकडे पळाले. सासरे बाकावरून उठले आणि एक पाऊल टाकताच जमीन खचून मांडीपर्यंत आत गेले होते. माळ्याने आणि मी त्यांना ओढून काढले. गवत वितळून पायाला चिकटले होते. डॉक्टर म्हणतात, उजवा पाय काढावा लागेल. साहेबांना हिरवळ परत हवी असल्यास त्यांनी ती इस्पितळात जाऊन सासऱ्यांच्या पायावरून सोलून घ्यावी.

साहेब इस्पितळात आले होते, फुले घेऊन. म्हणाले, "पाय घसरला असं सांगा, मी तक्रार मागे घेतो." सासरेही म्हणाले, "सूनबाई, मिटव. माझा पाय काही परत येत नाही." मला त्यांची दया आली आणि रागही आला. त्याच बाकाशेजारी झोपाळ्यांचे खांब रोवून झाले आहेत. रविवारी उद्घाटन आहे. पोरे पाटी वाचून खेळत नाहीत.

मी 'पाय घसरला' म्हणणार नाही. त्यामुळे सासऱ्यांवरची तक्रार कायम राहील, हे मला समजावण्यात आले. राहू दे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. हवालदारांनी त्यात सवयीने 'पाय घसरून' लिहिले होते. ते खोडून 'जमीन खचून' लिहायला लावले व खोडलेल्या जागी मी सही केली आहे. बाकी मी बोलले तसेच आहे.