सुधाकरची शर्यतीची होडी

होडीचा विषय निघालाच आहे तर आमच्या सुधाकरचं ऐका. हा माझा चुलत भाऊ, उदगीरला फायबरच्या टाक्या बनवतो. तरुणपणी गोव्यात होड्यांच्या कारखान्यात होता. तिथून आल्यापासून डोक्यात एकच, आपल्या डिझाइनची शिडाची होडी, तीही शर्यतीची. शेवटी बनवलीच. भेटेल त्याला सांगायचा, "मागं तळ सपाट ठेवलाय बघ. वारं लागलं की पाण्यावर उचलून पळती."

"पण पळवणार कुठं?" मी विचारलं. गावच्या तळ्यात तेव्हा नुसता चिखल.

"भरंल की तळं."

होडी अंगणात जुन्या टायरांवर बसून राहिली. उन्हाळ्यात एकदा टँकर आला. हंडे, बादल्या, पिंपं सगळं भरलं तरी पाइप चालूच. टँकरचं पाणी कुणी वाया घालवतं का? वहिनीनं पाइप सरळ होडीत सोडला!

सुधाकर आला. मला वाटलं, आता होतंय भांडण. पण तो वाकला, होडीच्या बुडाखालून हात फिरवला अन् म्हणाला, "थेंब बी गळंना."

तेवढ्यात वारं सुटलं. होडीतल्या पाण्यावर बारीक लाटा उठल्या. तो बघतच राहिला.

वहिनी भांड्यांसाठी बादली घेऊन आली, तर हळूच म्हणाला, "आजच्यापुरतं ऱ्हाऊ दे गं. पिंपातलं घे."