तिसऱ्या रविवारी मी उभा राहिलो

नाव: जुळारीकाका (चर्चच्या मंडळीत व गल्लीत याच नावाने ओळख). वय: एकोणसत्तर. व्यवसाय: छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणे, आता निवृत्त. पत्ता: चर्चच्या मागची गल्ली, बेकरीच्या वरच्या दोन खोल्या.

आज ठाण्यात समक्ष येऊन, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. पत्नी तीन वर्षांपूर्वी वारली. एकुलता एक मुलगा शाळेत संगीत शिकवतो आणि आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. तो बरीच वर्षे एका सुताराबरोबर राहतो. येत्या शनिवारी त्या दोघांचे लग्न आहे. आमच्या मंडळीच्या खजिनदारांनी काल इथे तक्रार दिली की, या सुताराने भर उपासनेत मला ढकलून पाडले. माझी स्वतःची काहीही तक्रार नाही. मला कोणी विचारलेही नाही. पडलो मी आणि कळ आली त्यांना.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार दोघांची नावे पुकारतात. कोणाची हरकत असल्यास त्याने उभे राहावे, असे पाळक म्हणतात. ही झाली आजची रीत. जुन्या पाळकांच्या काळी तिसऱ्या रविवारी हरकत विचारून झाली की ते जरा थांबत, आणि मग दोन्ही घरांतला वडीलधारा माणूस आपल्या जागेवर उभा राहत असे. बोलायचे काही नाही. नुसते उभे राहायचे. म्हणजे हे लेकरू माझे आहे आणि हे माझ्या राजीखुशीने चालले आहे, एवढाच अर्थ.

माझ्या लग्नाच्या वेळी सासरे असे उभे राहिले ते बसेचनात. पाळक पुढचे वाचायला लागले तरी हे आपले उभेच. शेवटी सासूबाईंनी कोट ओढून त्यांना खाली बसवले. पत्नी ही गोष्ट सांगताना शेवटपर्यंत कधी पोहोचायची नाही, मधेच हसत सुटायची. तेव्हा चर्चमध्ये पंखे नव्हते. खिडक्या सताड उघड्या असत आणि पुकारलेली नावे रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जात. संध्याकाळी छापखान्यात गेलो तर मालकालाही कळलेले होते. फार चांगले दिवस होते. ही माहिती गुन्ह्याशी संबंधित नाही असे हवालदार म्हणाले. मी म्हणालो, सगळी गोष्ट हीच आहे, लिहा.

ती रीत कधी बंद पडली ते मला कळले नाही. मधल्या काळात तरुण मुले बाहेरगावी गेली, लग्ने तिकडेच झाली. नवे पाळक चार वर्षांपूर्वी आले, त्यांना कोणी सांगितले नसणार. मी मात्र ती चालूच आहे असे गृहीत धरून चाललो.

मागच्या वर्षी मंडळीने मतदान घेतले की, दोन पुरुषांचे किंवा दोन स्त्रियांचे लग्न आपल्या वेदीपुढे लावावे की नाही. ठराव थोडक्यात मंजूर झाला. खजिनदार विरोधात होते. ते माझे बालमित्र आहेत आणि त्यांची श्रद्धा खोटी आहे असे मी म्हणणार नाही; माझी बायको आजारी असताना ते रोज येऊन तिच्यासाठी गुडघे टेकत. मी काय मत दिले ते मुलाने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. त्यावरून माझा विरोध आहे असे सगळे धरून चालले. मी होकाराचे मत दिले होते. हे आज पहिल्यांदाच सांगत आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द जुळवले, स्वतःचे जुळवायची सवय लागली नाही.

तुमच्या धर्मात हे चालते का, असे हवालदारांनी विचारले. मी पाळक नाही. मुलाचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला. तेव्हा सगळ्या मंडळीने वचन दिले होते की या लेकराला आपले म्हणून सांभाळू. त्यात पुढे काही अट घातल्याचे मला आठवत नाही.

सुताराला कसे ओळखता, असे विचारले. मुलाने त्याला पहिल्यांदा घरी आणले तेव्हा मी म्हणालो, "सुतार? चांगला धंदा आहे. आपल्या प्रभूच्या घरीही तोच होता." याउपर त्या दिवशी मी काही बोललो नाही. पत्नी मात्र त्याला लाकूडतोड्या म्हणून चिडवायची आणि त्याच्या ताटात वाढतच राहायची. तिच्या आजारपणात त्याने न सांगता न्हाणीघरात धरायला लाकडी दांडा बसवून दिला. शेवटच्या महिन्यात ती मला म्हणाली, "ह्या दोघांची नावं कधीतरी पुकारतील, तेव्हा उभे राहा हं. बसू नका असे ढिम्म." मी हो म्हणालो होतो.

काल सकाळी मी इस्त्रीचा कोट घालून गेलो. पाळकांनी तिसऱ्यांदा नावे पुकारली. अशी जोडी आमच्याकडे पहिल्यांदाच, त्यामुळे ते एकेक शब्द जपून वाचत होते. त्यांनी हरकत विचारली. कोणी उठले नाही. मग मी पुढच्या बाकाला धरून उठलो.

पाळक म्हणाले, "काका, तुमची हरकत आहे?"

असे कोणी विचारेल याची माझी तयारी नव्हती. तेवढ्यात मागून खजिनदार उठले. "बापालाच मान्य नाही, मग आपण कोण लग्न लावणारे?" त्यांच्यामागे आणखी सात-आठ जण उठले. मी त्यांना सांगायला वळलो की बाबांनो, बसा, तुम्ही कशाला उठलात. वळताना पाय गुडघे टेकायच्या फळीत अडकला. फळी सुतारानेच बसवलेली आहे आणि भक्कम आहे. दोष माझ्या पायाचा. सुतार पलीकडच्या रांगेतून धावत आला आणि त्याने मला काखेत धरले. आम्ही दोघेही बाकावर आपटलो. त्याने धरले नसते तर डोके फुटले असते.

मुलगा ऑर्गनवर बसला होता. वाजवणाऱ्यासमोर छोटा आरसा असतो, त्यात त्याला सगळे दिसते. मी उभा राहिलेला त्याने पाहिला. झाकण लावले आणि बाजूच्या दाराने निघून गेला. पुढचे त्याने पाहिलेच नाही.

सुतार मला उठवून म्हणाला, "बाबा, लागलं का?" एरवी तो काका म्हणतो. मी त्याचे लग्न मोडायला उठलो असे समजूनही त्याने हे विचारले, म्हणून मला रडू आले. मी वेदनेने रडलो असे तक्रारीत आहे. ते चुकीचे आहे.

पाळकांनी कळवले की, उठलेल्या बाकीच्या लोकांना हरकतीचे कारण विचारल्यावर त्यांनी "वडिलांची हरकत आहे म्हणून" एवढेच सांगितले. तेव्हा हरकत माझी एकट्याचीच धरली आहे आणि ती मी मागे घेईपर्यंत शनिवारचे लग्न लागणार नाही. जी घेतलीच नाही ती मागे कशी घेऊ? माझी हरकत नव्हती आणि नाही. मी त्यांच्या बाजूने उभा होतो.

हे मुलाला का सांगितले नाही, असे विचारले. तो फोन उचलत नाही. काल संध्याकाळी त्याच्या दारापर्यंत गेलो. आत पियानो वाजत होता, त्याच्या आईच्या आवडीचे गीत. ते संपेपर्यंत ऐकले आणि घंटी न वाजवता परत आलो. भीती वाटली.

सुताराला चौकशीसाठी बोलावले असून तो व मुलगा बाहेर बाकावर बसले आहेत, असे हवालदारांनी सांगितले. म्हणून मी विनंती केली की मला कमी ऐकू येते, तरी जबाब दार उघडे ठेवून मोठ्याने वाचावा. माझे कान ठणठणीत आहेत. हे लिहू नका म्हणालो होतो, पण जबाबात खोटे चालत नाही असे हवालदार म्हणाले.

वरील मजकूर दार उघडे ठेवून मोठ्याने वाचण्यात आला. अर्ध्यावर आल्यावर मुलगा आत आला आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. राहिलेला भाग त्याच्या समक्ष वाचला. सगळे माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, अक्षरही बदलायचे नाही. उजवे कोपर सुजले असल्याने सहीसाठी कागद मुलाने धरून ठेवला आहे. सही वाकडी आली तरी माझीच आहे आणि राजीखुशीने केली आहे.