एकच भाव

शहाद्याच्या आमच्या कापडदुकानाचं काय झालं, विचारताय ना? पुस्तकाने घात केला, दुसरं काय! वडील गेल्यावर दुकान दादाकडे आलं, आणि त्याने पुण्याहून व्ही.पी.ने एक पुस्तक मागवलं, व्यापारात यश कसं मिळवावं म्हणून. त्यात होतं, विलायतेत घासाघीस नसते, एकच भाव असतो. झालं! दादाने तशी पाटीच लावली.

बाजारच्या दिवशी प्रकाशा गावची भागामाय आली. ही वडिलांशी भावावरून तासभर भांडायची, मध्येच सुनेची गाऱ्हाणी सांगायची आणि मग लुगडं घ्यायची. सवयीने तिने अर्धा भाव सांगितला.

दादा मान वर न करता म्हणाला, "माय, एकच भाव शे. लेवानं व्हई तं ले."

म्हातारी बघतच राहिली. "का रे भाऊ, मन्हासंगे बोलनंच नही का तुले? काय चुकनं मन्हं?"

उलगडलेलं लुगडं तिने स्वतःच घडी घालून ठेवलं आणि गेली. ती परत आली नाही, तिच्या गावचंही कुणी आलं नाही.

पाटी काढली दादाने, पण फार उशिरा. गिऱ्हाइकाशी आधी चार शब्द बोलावेत, हे त्या पुस्तकात पुढच्याच प्रकरणात होतं. ते त्याने रिकाम्या दुकानात बसून वाचलं.